टेकाडावरलं घर इकलं

आता मला सांगा, घर इकायला काढल्यावर माणूस त्याचं गुण सांगंल का खोडी? गुणच की! पर आमच्या आबांना कोण सांगणार... गेणू आबा, माझं वडील. सगळी हयात मेंढरांमागं गेली. पुढं मेंढरं गेली, आमी टेकाडाखाली पिंपळीला बागायत केली, डाळिंब लावली, स्लॅबचं घर बांधलं. आणि आबा? आबा आपलं टेकाडावरल्या जुन्या दगडी घरात, एकटंच! गेल्या आषाढात उतारावरनं पाय घसरला, तर दूधवाल्याला दिसंपतुर तसंच पडून होतं. तवापासनं तुमाला सांगतो, रातचा फोन वाजला की मी आधी चपला घालतो, मग फोन उचलतो. किती इनवण्या केल्या, पर त्यांचं एकच, "घर आपलं हाय तवर मी खाली येत न्हाय." मग म्हणलं, घरच आपलं ठेवायचं न्हाय, कागद तर माझ्याच नावावर. इकायचं! गाव हासलं माझ्यावर, ते मेंढक्याचं खुराडं कोण घेणार म्हणून. पर इकलं का न्हाय? इकलं!

पर कसं इकलं ते ऐका. आधी घर नवं केलं, असं नवं केलं, की दगडी भितींना पिस्ता कलर, शेणाच्या भुईवर चकचकीत फरशी, न्हाणीत शॉवर, वर पीओपी आणि पीओपीत निळी लाईट! आबा त्या लाईटीकडं बघून म्हणालं, "हितं कोण आजारी हाय?" घ्या.

मग गाठला इंदापूरचा एजंट, सुयोग. ह्यो सुयोग म्हंजी काय माणूस वो... बोलताना निम्मं मोबाईलशी, निम्मं आपल्याशी. म्हणतो कसा, "दादा, टेकाड न्हाय म्हणायचं, डोंगर म्हणायचं. डोंगरातलं जुनं घर, नव्या सोयींसह!" डोंगर! आरं, वर उभं राह्यलं तर खालच्या माणसाला हाक ऐकू जाती, त्याला डोंगर म्हणायचं? पर म्हणलं आसंल बाबा, तुला धंदा कळतो. जाहिरात टाकली की फोनवर फोन.

पयलं गिऱ्हाईक हडपसरचं, रिटायर सायेब. गाडीतनं उतरलं, छाती भरून वारं घेतलं, म्हणालं वा वा. सुयोगनं मला चिमटा काढला, झालं काम म्हणून. आणि तेवढ्यात वट्ट्यावरनं आबा, "सायेब, बसा. आधी घराच्या खोडी ऐका."

आता ह्याला कारण हाय बरं का. आबांनी जल्मभर मेंढरू इकलं ते आधी त्याची खोड सांगून. ही लंगडती, ही रातची खोकती, ही पिल्लाला पाजत न्हाय. खोड लपवून इकलं तर मागं ऱ्हायलेला कळप सुखानं चरत न्हाय, ही आबांची शिस्त. पर ती मेंढराला ना वो? घराला कुठं लावायची? तर लावली! उगवतीची भित पावसात पाझरती. टँकर वर चढत न्हाय. वारं असं, की धोतर वाळत टाकलं की खालच्या शिवारातनं आणावं लागतं. आणि इंचू... "इंचू हायत सायेब, पर जुनं हायत. वळखीचं हायत." सायेब चहा न घेता गेलं की!

दुसरं गिऱ्हाईक यायच्या दिवशी मी शाणपणा केला. आबांना वृषालीच्या माहेरी धाडलं, कोऱ्हाळ्याला. वृषाली माझी बायकू, तिनंच गाडीत बसवलं. गिऱ्हाईक खूश, सुयोग खूश, मी पेढं काढणार तर आबांचा फोन. मी कट कराय गेलो नि बोट लागलं स्पीकरला. सगळ्या घरात आबांचा आवाज, "न्हाणीचा उतार उलटा झालाय, सांगितलंस का त्यांला? पाणी सोप्यात येतं!" सुयोगनं कपाळाला हात लावला, "दादा, घर इकायचंय का आबांचं कीर्तन ठेवायचंय?"

पर इकलं का न्हाय? इकलं! तिसऱ्या खेपंला आल्या पुण्याच्या सोनल मॅडम. आबा वट्ट्यावर, खोडी सुरू. मी तर गाडीकडं चालाय लागलो होतो. मागं बघतो, तर मॅडम खाली मांडी घालून बसल्यात! म्हणाल्या, "आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा एकानंही एक दोष सांगितला नाही, सगळे राहायला गेल्यावर सापडले. आबा, अजून सांगा." अजून सांगा! आबांना जल्मात पयल्यांदा असं कुणी म्हणलं असंल. दोघांनी मिळून सगळं घर हिंडून खोडी बघितल्या, नि भायेर येऊन मॅडमनी सुयोगला सांगितलं, घेतलं घर. तो पिस्ता कलर तेवढा खरवडून द्या म्हणाल्या. दिला की! नाचत खरवडला!

सही झाली, आता ताबा द्यायचा. मॅडम आल्या, कुलूप आलं... आणि आबा वट्ट्यावरनं हलंनात. "घर दे तू. मी काय आडवा येत न्हाय. मी हितंच कडंला ऱ्हातो." झालं का! ज्याच्यासाठी एवढं केलं, ते हितंच! मला राग आला, रडू बी आलं. आणि तवाच कुठनं सुचलं कुणास ठावं.

आमच्यात जनावर इकलं की जनावर देत्यात, दावं देत न्हायत. दावं आपण घरी आणायचं, म्हंजी बरकत घरात ऱ्हाती. मी खाली बसलो, इचारलं, "आबा, जनावर इकल्यावर दावं कुणाच्या घरी जातं?"

म्हणालं, "आपल्या."

"मग ह्या घराचं दावं कोण हाय?"

आबांनी भितीकडं बघितलं. डोळं भरलं हो त्यांचं, आणि माझं बी. मग उठलं, घोंगडं खांद्यावर टाकलं, भितीला हात लावून कपाळाला लावला, आणि माझा दंड धरून टेकाड उतरलं. ज्या माणसाला उभ्या पंचक्रोशीत कुणी हालवलं न्हाय, त्याला मी घरी आणलं! वृषालीनं भाकरतुकडा ववाळून टाकला. त्या राती, तुमाला सांगतो, मी असा झोपलो, असा झोपलो...

सकाळी वृषाली चहा घेऊन भायेर गेली ती तशीच आत आली. "अवो, जरा पोर्चमधी बघता का?" बघतो तर माझी गाडी लिंबाखाली ढकलल्याली, आणि गाडीच्या जागी मेंढरं! पहाटंच कुणा मेंढक्याकडनं आणल्याली, चांगली गब्दूल, रवंथ करत्यात. आबा पालथ्या पाटीवर बसून एकीच्या गळ्यात दावं आवळत्यात.

म्हणलं, "आबा, हे काय?"

म्हणालं, "दावं घरी आणलंस, ब्येस केलंस. पर दावं मोकळं ठिवायचं नसतं, लेका. त्याला जनावर लागतं."

शास्तर मीच काढलं होतं की! तर मंडळी, घर इकलं, आबा आलं, मी जिंकलो. फकस्त रोज सकाळी उठून लेंड्या तेवढ्या मी झाडतोय.