पाठमोरा राक्षस

आमच्या ह्यांचं ऐका. ब्रह्मा घाटावरचे वैदिक, पण भाड्याने आणलेल्या व्हिडिओ गेमपुढे सकाळपासून ठाण मांडून बसलेले. किल्ल्याच्या दारातला राक्षस आग ओकून ह्यांना सारखा लोळवायचा. संध्याकाळी गेम परत द्यायचा होता आणि जीव एकच उरला होता.

मी म्हटलं, "अहो, आग ओकली की तो पाठ फिरवतो. तेव्हाच हाणा!"

"पाठमोऱ्यावर वार? अधर्म आहे तो."

"तो जाळताना धर्म बघतो का? द्या इकडे!"

रिमोट हिसकावला आणि पाठीत तलवार घातली. राक्षस खलास!

"पाप झालं गं."

"मग घाट खालीच आहे. माझ्या नावाने बुडी मारून या."

गेले की खरंच! ओल्या पंच्यानिशी दारातूनच विचारतात, "किल्ल्याच्या आतल्या राक्षसाने पाठ फिरवली का गं?"