सरकारी कपाटातलं नाक

[नांदेडच्या एका संग्रहालयातली दुरुस्तीची खोली. टेबलावर काळ्या दगडाची नर्तकी आडवी ठेवलेली. समीक्षा तिच्या चेहऱ्यावर वाकलेली. आजी-आजोबा शेजारी खुर्च्यांवर.]

समीक्षा : आजोबा, हात मागे घ्या. तुम्हाला बघायला बोलावलंय, मदतीला नाही.

लिंबाजी : किती येळ त्या सुईनं टोकरून राहिलीस? छन्नी लाव, एक टोला दे, मोकळी हो.

समीक्षा : एका टोल्यात तुमचं नाक निघेल आणि तिचा गालही. आठशे वर्षांचा गाल आहे तो.

लिंबाजी : माझं नाक बी चाळीस वर्षांचं हाय. कलेक्टर येणार होते. इथले मोठे साहेब म्हणले, मिस्तरी, बिननाकाची बाई पाहुण्याला कशी दाखवायची? दुपारच्या आत बसव. बसवलं. सिमेंट, त्यात चुलीचं काजळ, वरून खोबरेल. कुणाला कळलं न्हाई.

समीक्षा : तेव्हा रीतच तशी होती. फुटलं की भरा, मळलं की घासा, वरून चकाचक करा. पण तुमच्या सिमेंटातला खार दगडात उतरलाय. गालाचे पापुद्रे सुटून राहिलेत, म्हणून काढावं लागतंय.

लिंबाजी : काढ बाई. मग नवं कशाचं बसवणार?

समीक्षा : कशाचंच नाही. मूळचं नाक कसं होतं कुणाला माहीत? आता अंदाजानं काही करत नाहीत. आणि जे लावू, ते पुढच्या माणसाला सहज काढता आलं पाहिजे.

लिंबाजी : निघावं म्हणून लावायचं? असं काम मी केलं असतं तर लोकांनी चपलेनं हाणलं असतं.

कोंडाबाई : झालं का तुम्हा दोघांचं? नाक माझं हाय. मला कुणी इचारलं?

समीक्षा : आजी, रुसू नको ना.

कोंडाबाई : कामून रुसू नको? उमरीच्या बहिणी आल्या, सुना आल्या, तुझी आई नवी नवरी होती, सगळ्यांना आटोत कोंबून इथं आणलं. बघा म्हणलं, हे माझं नाक. आपल्या वस्तीतलं एकच नाक सरकारी कपाटात, अन् ते बी नातीनंच कापलं.

समीक्षा : पण तू यांच्यासमोर बसलीस कधी?

कोंडाबाई : बसते कुठली. मी इथंच सिमेंटचा माल वाहून राहिले होते, डोक्यावर घमेलं. हे म्हणले, थांब तशीच.

लिंबाजी : दुसरं नाकच न्हवतं समोर. साहेबाचं लई चपटं.

कोंडाबाई : अन् वाकडं कामून केलं? बाया अजून इचारतात, कोंडाबाई, नाक डावीकडं झुकलंय का तुमचं?

लिंबाजी : तू हललीस. घमेलं डोक्यावर, तरी तोंड चालूच.

कोंडाबाई : कलेक्टर आले तवा मला मागच्या दारानं भाईर काढलं, घमेल्यासकट. नाक आत, मी भाईर. लई वाईट वाटलं होतं, समीक्षा. मग एका ऐतवारी धुतलेलं लुगडं नेसले, तिकीट काढलं अन् पुढच्या दारानं आत आले. लई येळ बघत उभी राहिले.

समीक्षा : थांबा. दोघंही बोलू नका जरा. हां... सुटलं.

लिंबाजी : अख्खं?

समीक्षा : अख्खं.

लिंबाजी : बघ. ह्याला म्हणतात काम.

कोंडाबाई : आण इकडं. घरी नेते.

समीक्षा : घरी नाही नेता येत. पूर्वी असल्या जुन्या दुरुस्त्या फेकून द्यायचे. आता त्याही मूर्तीच्या इतिहासात धरतात. याला नंबर पडणार. तिच्या शेजारीच राहील, खाली पाटी : नाक, सिमेंट, मिस्तरी लिंबाजी.

लिंबाजी : माझं नाव? कपाटात?

कोंडाबाई : अन् नाक कुणाचं, ते?

समीक्षा : त्याला पुरावा लागतो गं. मी तुझी नात. मी नुसतं सांगून कोण मानेल?

कोंडाबाई : पुरावा तर तोंडावर घेऊन फिरून राहिले. तुझं ते मापाचं चिमट्यावानी हाय ना, ते आण. अन् फोटो बी काढ.

समीक्षा : ...बरं. हनुवटी वर कर. अजून थोडी. आता हलू नको.

लिंबाजी : हलणार बघ. तवा बी हलली होती.

कोंडाबाई : या बारीला न्हाई हलत.