प्रकृतीच्या कारणास्तव

चतुराबाई : कवाच्या वांगी दाबून राहिल्या मास्तरीणबाई, अन् नजर भलतीकडेच. साहेबाले नोकरी भेटली ना? मंग तोंड काहून उतरलं तुमचं?

रमा : हळू बोला, चतुराबाई. हे आत दाढी करताहेत. मिळाली नोकरी. अकोल्याच्या कापसाच्या जिनाचे मॅनेजर झाले. आठ महिन्यांत आज पहिल्यांदा दाढी करताना गुणगुणताहेत.

चतुराबाई : हुशार मानूस, अन् आठ महिने घरी. तिवस्याच्या जिनातून काहून काढलं होतं म्हना?

रमा : मालकाच्या व्याह्यांसमोर मालकाची चूक काढली म्हणून. त्यानंतर तीन ठिकाणांहून बोलावणं आलं, आणि तिन्हीकडे तेच झालं. कापसातलं यांच्याइतकं कळणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात शोधावा लागेल. पण समोरचा माणूस कशानं दुखावेल, हे मात्र यांना कुणी शिकवलंच नाही.

चतुराबाई : मंग अकोल्याले कसं जमलं?

रमा : जमलं कुठलं, तिथंही बिघडलंच होतं. शेठजींनी दोघांनाही जेवायला बोलावलं होतं. मुलाखत म्हणजे तीच. पुरुष बैठकीत आणि मी आत शेठाणीबाईंपाशी, मधे नुसता पडदा. शेठजींनी नव्या खरेदीतला कापसाचा एक पुंजका यांच्या हातात दिला. दोन मोठे व्यापारी बसलेले. बिचाऱ्या शेठजींना त्यांच्यासमोर फक्त वाहवा हवी होती, हो. यांनी पुंजका ओढला, धागा उजेडात धरला आणि म्हणाले, "फसवलंय तुम्हाला. लांब धाग्याचा सांगून आखूड गळ्यात मारलाय."

चतुराबाई : अरे बाप्पा. अन् खरं होतं ते?

रमा : यांचं नेहमी खरंच असतं, तीच तर पंचाईत. आत शेठाणीबाईंच्या हातातला अडकित्ता थांबला. मी म्हटलं, गेली ही चौथीही नोकरी. मग काय अंगात आलं कोण जाणे, सुपारीचं तबक उचललं, पडदा सारला आणि सरळ बाहेर गेले.

चतुराबाई : सगळ्या मानसाईत?

रमा : हो. माझे वडील वकील. भांडत आलेल्या पक्षकारांना ते चहा पाजून कसे शांत करायचे, ते लहानपणापासून पाहिलंय मी. तबक पुढं केलं आणि म्हटलं, "शेठजी, लग्नानंतर माझ्या हातची पहिली भाजी खाऊन हे पाहुण्यांसमोर म्हणाले, मीठ नाही. मी दोन दिवस रडले. पण तेव्हापासून आमच्या घरी अळणी भाजी झाली नाही." आधी एक व्यापारी हसला, मग शेठजी. म्हणाले, आमच्या जिनालाही असं मीठ सांगणारा पाहिजेच होता. झालं, पुढचं जेवण हसतखेळत.

चतुराबाई : आमच्या घरधन्याचं, पुंजारामाचं असंच हाय. बजारात पागोटं घालून तो बसते, अन् गिऱ्हाइकासंगं गोड बोला लागते मले. लोक म्हनतेत, पुंजारामाचा माल पटकन उठते. पन मंग रडाचं काय त्याच्यात? जमलं ना सगळं?

रमा : निघताना शेठाणीबाईंनी मला कुंकू लावायला आत नेलं. शेठजींचा निरोप होता. माणूस सोन्यासारखा आहे, पण एकटा नको. बंगला जिनाच्या आवारातच आहे. बाई तिथं राहणार असतील, आल्यागेल्या व्यापाऱ्यांशी बोलणं सांभाळणार असतील, तरच नेमणुकीचा कागद निघेल. आणि मॅनेजरच्या बाईनं बाहेर नोकरी करणं दिसायला बरं नाही.

चतुराबाई : अन् तुमची शाळा? जूनपासून तुमी मोठ्या बाई होनार होत्या ना? पुऱ्या गल्लीत म्याच सांगून आली.

रमा : मुख्याध्यापिका. अकरा वर्षं घालवली मी त्या शाळेत. आमचं दोघांचं ठरलंही होतं. हे अकोल्यात खोली घेणार, दर शनिवारी गाडीनं बडनेऱ्याला उतरून घरी येणार, आणि मी इथं शाळा चालवणार. शेठाणीबाईंनी विचारलं आणि मी हो म्हणून बसले. विचार करायला वेळ किती, तर त्यांचं बोट कपाळावर टेकलेलं असेपर्यंत.

चतुराबाई : साहेबाले सांगतलं हे?

रमा : नाही. यांना वाटतं, त्या पुंजक्यावर नोकरी मिळाली. मूर्तिजापूर येईपर्यंत गाडीत तेच चाललं होतं. बघ रमा, खरं बोललो आणि खऱ्याची कदर करणारा निघाला. मी बाहेर आले होते ती सुपारी द्यायला, एवढंच यांच्या लेखी.

चतुराबाई : मंग सांगून टाका ना. लपवाचं काहून?

रमा : सांगितलं तर हे आत्ता तो कागद फाडतील. बायकोच्या शब्दावर मिळालेली नोकरी नको म्हणतील, आणि ते खरंही करतील. मग पुन्हा आढ्याकडे पाहत पडलेले, हाक मारली तरी ओ नाही. ते मला पुन्हा पाहवणार नाही. आणि नाही सांगितलं, तर जन्मभर तबक घेऊन उभं राहायचं. राग येतो हो मला, चतुराबाई. कुणावर काढू तेवढंच कळत नाही. हो तर मीच म्हणाले ना.

चतुराबाई : इकडे आड अन् तिकडे विहीर. मंग शाळेले काय सांगसान?

रमा : राजीनामा लिहून ठेवलाय. यांना म्हटलं, मलाच शाळेचा कंटाळा आलाय. लगेच पटलं यांना. चिमूटभर कापूस ओढून खोट काढतात, आणि...

चतुराबाई : अन् बायकोचं काईच समजलं नाई.

(हरिहर गाल पुसत ओसरीवर येतो. हातात एक कागद आहे.)

हरिहर : चतुराबाई, ही वांगी कालची आहेत.

चतुराबाई : तुमी म्हनसान तर परवाची असतीन, साहेब.

हरिहर : रमा, हे टेबलावर सापडलं. 'प्रकृतीच्या कारणास्तव'? तुझ्या प्रकृतीला काय झालंय?

रमा : काही नाही. असं लिहायची पद्धत असते.

हरिहर : पद्धत असली म्हणून खोटं लिहायचं? चालून आलेली मुख्याध्यापिकेची जागा सोडतेस, चार लोक विचारणारच. सरळ लिही ना, कंटाळा आला, नवऱ्याबरोबर राहायचं आहे. मी खरं बोललो, माझं काय वाईट झालं?

चतुराबाई : सांगा आता, मास्तरीणबाई.

हरिहर : काय सांगायचंय?

रमा : अर्धा शेर वांगी द्या, चतुराबाई. कालची असली तरी चालतील.

हरिहर : अगं, पण काय सांगायचंय?

रमा : काही नाही. तुमचंच बरोबर आहे. दुसरा कागद आणते. तुम्ही सांगा, मी लिहून घेते.