वहीतलं वाक्य

तुम्हाला हसू येईल, पण बायकोच्या एका वाक्यापायी मी अर्धी रजा टाकली होती. तिला बाहेरून मॅट्रिक करायचं होतं आणि मी आपला 'बघू, बघू' करत होतो. तरी शेजारच्या बाईंकडं ती रोज इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ आणि वाक्य लिहायची. एका सकाळी मी वही चाळली. 'रिग्रेट म्हणजे पस्तावणं. आय रिग्रेट माय मॅरेज.'

कोल्हापुरात ऑफिसला गेलो, पण काही सुचेना. दुपारीच उचगावला घरी आलो.

"हे वाक्य कसलं?"

"उदाहरण हाय."

"दुसरं सुचलं न्हाय?"

"सुचलं की. पण बाई म्हणतात, मनातलं लिहिलं की शब्द विसरत न्हाय."

मी दारातच उभा होतो. चप्पल काढलीच नाही. तसाच परीक्षेचा फॉर्म आणायला परत कोल्हापुरात गेलो.