काळ्या रानातली लखाबाई

ऐका. बडबड पुरं झाली आता. संगे, तुझं लेकरू ऱ्हाऊ दे माझ्या मांडीवर, निजलंय ते. तू चुलीतली लाकडं जरा आत सार. पोरांनो, घोंगडी घ्या अंगावर, आन् मधी मधी हसायचं न्हाई. उद्या पहाटं तळ हलायचा हाय, म्हनून आज सांगते. तळ हलायच्या आदल्या रातीलाच सांगायची गोष्ट हाय ही. एरवी सांगून काय उपेग?

तर माझा भाऊ धुळा. आता पांढरी मिशी घेऊन खोकत बसतो, तोच. तवा तरना व्हता. मिशी काळी कुळकुळीत, आन् अक्कल बेताची. त्याची लेक म्हाकू, तीन वर्साची, तापानं फनफनली. तिला खांद्यावर मारून गडी गेला तालुक्याच्या दवाखान्यात. डॉक्टरनं सुई टोचली, गोळ्या दिल्या. परतीच्या यष्टीनं फाट्यावर उतरवलं तवा दिवस बुडून गेलता. अंधार असा की आपला हात आपल्याला दिसंना!

आपला तळ ओढ्यापल्याड. सडकंनं गेलं तर लई लांबचा येढा. रानातनं पायवाट गेली, तर लगीच. फाट्यावरचा चहावाला फळ्या लावत व्हता. त्यो म्हनला, "धनगरदादा, सडकंनं जावा. काळ्या रानातनं जाऊ नगा."

धुळा म्हनला, "पोरगी तापलीय. आई वाट बघत असंल तिची."

"म्हनूनच सांगतोय," चहावाला म्हनला. "पोर हाय संगट, म्हनूनच सांगतोय."

ऐकलं का त्यानं? न्हाई ऐकलं! म्हाकूला धोतराच्या पानानं पाठीशी बांधली, काठी घेतली, आन् शिरला रानात.

थांबा. धुळ्याला जरा वाटंतच उभा करूया. काळं रान म्हंजे काय ते आधी ऐका. त्या गावाचं नाव मी घेनार न्हाई. रातीचं घ्यायचं न्हाई, आन् दिवसा घ्यावंसं वाटत न्हाई. ओढ्याकाठची काळी जमीन, लोन्यावानी. तिथं आपला तळ पडलेला, धुळ्याच्या ह्या गोष्टीच्या आधी पाच-सात वर्सं. मालकानं आपली मेंढरं रानात बसवून घेतलेली. बसवून घेत्यात म्हंजे काय, ठावं हाय न्हवं? लेंडी-मुताचं खत पडतं, रान पिकतं, आपल्याला शेर-दोन शेर दानं मिळत्यात. तवर आपन लई ग्वाड. "या पाव्हनं, बसा पाव्हनं."

तळ हलतो कसा? पहाटं, अंधारातच. बाया बिऱ्हाड घोड्यांवर लादत्यात आन् वाटंनं म्होरं जात्यात. गडी मेंढरं घेऊन रानारानानं चारत जात्यात. दिवसभर ह्यांची त्यांची गाठ न्हाई. गाठ पडती सांजच्याला, नव्या तळावर. घोड्यावर काय काय असतं? भांडी असत्यात, कोंबड्या असत्यात, कुत्र्याची पिल्लं असत्यात, लंगडी कोकरं असत्यात, आन् त्यातच कुठंतरी लहान पोरं.

आपल्या तळावरच्या लखाबाई न् सिदाचं पोर, बिरू. चार वर्साचं. लाल बंडी घालायचं. त्याला एका कोकराचा लई लळा. त्या पहाटं ते कोकराच्या मागं मागं करत व्हतं. लखाबाईनं बघितलं आन् तिला वाटलं, बा संगट निघालं मेंढरांत. सिदाला वाटलं, आईनं घातलं घोड्यावर. मी तिथंच व्हते की! माझ्या डोळ्यादेखत घोडी निघाली. मेंढरांभवतीची जाळी, वाघर, उचलली, आतली मेंढरं एकेक करून मोजली. कोकरं मोजली. कुत्री हाक मारून बघितली. पोरं कोन मोजतंय? पोरं घरचीच असत्यात न्हवं!

सांजच्याला नव्या तळावर सिदा आला. लखाबाई भाकरी थापत व्हती. ती म्हनली, "बिरू कुठाय?" त्यो म्हनला, "तुझ्यापाशी न्हवं?"

बास. येवढंच. तिच्या हातातली भाकरी तशीच ऱ्हायली.

तसंच मागं पळालो सगळी. रातभर चालून काळ्या रानात आलो, तर काय? रान नांगरलेलं! आमी हललो त्याच दुपारी मालकानं नांगर घातलेला. खत वाळून जाईल म्हनून. पोराच्या पावलाची खून नको ऱ्हायला? चुलीचे तीन दगडसुदीक पालथे झालते. इहिरीत गळ टाकून बघितला, ओढा धुंडला, बोरीबाभळी धुंडल्या. न्हाई. लाल बंडीचं एक चिंधूक न्हाई.

मालक म्हनला, "मी काय न्हाई बघितलं." गाव म्हनलं, "तुमचं तुमी बघा." दोन घरांनी तर दारं लावून घेतली, कोंबड्या आत घेतल्या. चौकीत गेलो, तर जमादार इचारतो, "ओढ्याच्या अल्याड हरवलं का पल्याड? पल्याड असंल तर हद्द आमची न्हाई." पुन्हा म्हनतो कसा, "तुमी फिरस्ती मानसं. आसंल कुठंतरी तुमच्यातच." आमच्यातच! लांडग्यानं न्हेलं म्हना, कुनी उचललं म्हना, ओढ्यानं गिळलं म्हना. आजतागायत ठावं न्हाई. मेलं म्हनावं तर मूठभर राख न्हाई, जितं म्हनावं तर हाक न्हाई. आन् त्या साली त्या रानात जोंधळा कसा आला म्हनता! मानूस आत शिरलं तर दिसायचं न्हाई.

तळाला थांबता येत न्हाई. मेंढरांना चारा पायजे. चार दिसांनी तळ हलला. लखाबाई हलली न्हाई. तिला ओढून न्हेली, ती माघारी पळाली. पुन्हा न्हेली, पुन्हा पळाली. शेवटाला त्याच बांधावर, बाभळीखाली जीव गेला तिचा. मालकानं निरोप धाडला, तुमचं मानूस उचलून न्या. तवा त्यांना आमची आठवन झाली बघा!

तवापासनं आपल्यात रीत पडली. पोर एका हातातनं दुसऱ्या हातात देताना देनाऱ्यानं इचारायचं, "घेतलंस?" घेनाऱ्यानं तोंडानं म्हनायचं, "घेतलं." कानावर आल्याबिगर हात सोडायचा न्हाई. नवरा असू दे, आई असू दे. रागराग करता न्हवं तुमी पोरी, म्हातारी सारखी इचारती म्हनून? करा.

आता धुळ्याकडं चला. उभा हाय त्यो अंधारात.

पहिल्याच बांधावर त्याला एक बाई दिसली. डुईवर पदर, पाठमोरी. वळली न्हाई. म्हनली, "दादा, वाटंत एखादं पोर दिसलं का रं? लाल बंडीतलं?"

धुळ्याला बिरूची लाल बंडी आठवली. पन गडी धीट. "न्हाई," म्हनला, आन् तिला मागं टाकून झपाझपा निघाला.

दुसरा बांध. बाई म्होरं उभी! तीच! मागं टाकलेली म्होरं आली कशी? "दादा, दिसलं का रं?"

"न्हाई म्हनलं न्हवं!" धुळा पळायलाच लागला. पळतोय, पन पाय ढेकळांत रुततोय. रान नांगरलेलं! उन्हाळ्याचं दिस, रान धसकटाचं असायचं, आन् पायाखाली ताजी नांगरट. पाठीवरची म्हाकू जड व्हायला लागली. आधी कोकरायेवढी. मग मेंढीयेवढी. मग जोंधळ्याच्या पोत्यायेवढी. गड्याची कंबर वाकली, काठीवर भार टाकत चालला.

तिसरा बांध. बाई हाय! आन् ह्या टायमाला तिनं इचारलं न्हाई दिसलं का म्हनून. ती म्हनली, "मग तुझ्या पाठीवर काय हाय रं?"

आई गं! बिरोबाचं नाव घ्यावं, तर जीभ उचलंना.

आन् येवढ्यात म्होरं उजेड! चुली पेटलेल्या, ओळीनं. घोडी बांधलेली. वाघर लावलेली, आत मेंढरं. धुळ्याला वाटलं, सुटलो! आलो तळावर! मेंढरं त्याच्या पायांत घुटमळायला लागली. त्याला येक कळंना. मेंढरं मांडीला घासत्यात, पन ऊब कशी न्हाई? लोकरीचा वास कसा न्हाई? आन् कुत्री? आपली कुत्री परकं पाऊल वाजलं तरी भुकून रान उठवत्यात. एक कुत्रं भुकलं न्हाई.

तेवढ्यात त्याची बायको, बायडा, चुलीपासनं उठली. तीच चाल, तोच आवाज. "अवं, किती उशीर केला! वाट बघून बघून डोळं गेलं माझं. आना पोरीला हिकडं. तापली असंल. मी निजवते."

धुळ्याला रडू आलं. सांगतो त्यो अजून, "आक्के, त्या आवाजात माया व्हती गं. खोटी न्हवती." त्यानं गाठ सोडली. म्हाकूला काखेत धरून म्होरं केली. बायडानं दोन्ही हात पसरले. पोरीचा डावा पाय तिच्या तळहातावर टेकला.

आन् धुळ्याच्या तोंडातनं आपसूक, रोजच्या सवयीनं, गेलं, "घेतलंस?"

बायडा गप.

हात तसेच पसरलेले. धुळा पोरीला सोडंना. पुन्हा म्हनला, "बायडे, घेतलंस का?"

गप! चुलीतला जाळ हलंना. मेंढरं जागच्या जागी थांबली. धुळ्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं, तर तोंड बायडाचं न्हवतं. पिठानं भरलेलं हात, आन् तोंड लखाबाईचं. डोळ्यांतनं पानी गळतंय. आन् ती म्हनली, ऐका नीट, ती म्हनली,

"मला असं कुनी इचारलंच न्हाई रं. इचारलं असतं, तर म्या न्हाई म्हनले असते. न्हाई म्हनले असते की रं!"

आन् एकेक चूल इझत गेली. ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत. अंधार! धुळ्यानं पोरगी छातीशी कवळली आन् जी धूम ठोकली! काठी पडली, पटका पडला, काट्यांनी पाय फाटलं. मागनं ढेकळं फुटल्यागत पावलं वाजत व्हती, ओढ्यापातुर. पान्यात पाय पडला, आन् पल्याडनं आपली कुत्री भुकली. असा ग्वाड आवाज त्यानं जल्मात ऐकला नसंल!

बायडा, खरी बायडा, पळत आली, हात पसरून. धुळा पोरीला देईना. "घेतलंस म्हन!" "घेतलं." "पुन्हा म्हन!" "घेतलं, अवं घेतलं!" तवा कुठं त्यानं हात सोडलं, आन् वाळूत बसून लहान पोरावानी रडला.

खोटं वाटतंय? ती बघा म्हाकू, तिकडं ताटं घासतीय. दोन लेकरांची आई झाली. तिच्या डाव्या पायाला हात लावून बघा. ऐन उन्हाळ्यातसुदीक गार असतो त्यो पाय. लाजू नगं म्हाके, दाखव त्यांना.

म्हनून सांगते, त्या वाटंनं जायचं न्हाई. पोर संगट असंल तर न्हाईच, आन् नसलं तरी न्हाई. सडक लांब पडंल, पडू दे. त्या गावात आता आयाबाया आपल्या पोरांना भेव घालत्यात, गप निज, न्हाईतर धनगरीन येईल, पोरं खाती ती. पोरं खाती! ज्यांनी नांगर घातला, दारं लावली, हद्द मोजली, त्यांचं नाव त्या गोष्टीत न्हाई. आमचं पोर गेलं ते गेलंच, वर भूतपन आमच्याच पदरात टाकलं.

लई बोलले. निजा आता. पहाटं उठायचंय.

संगे, हिकडं ये. धर लेकरू. असं न्हाई, मानंखाली हात घाल. घेतलंस?

मान नगं हलवू गं बाई, अंधार हाय. तोंडानं बोल. म्या सोडलं न्हाई अजून.