सातव्या ग्रीनवरची दूर्वा

आजच्या सोहळ्याच्या अध्यक्षा आणि आपल्या मराठी मंडळाच्या सदैव ऑनलाइन प्रमुख नीलांबरीताई, व्यासपीठावर अवघडून बसलेले टाउनशिपचे, म्हणजे इथल्या नगरपालिकेचे, पार्क्स डायरेक्टर हॅरिगनसाहेब, मेपल रन पब्लिक गोल्फ कोर्सची सुपरिंटेंडेंट, म्हणजे आमची बॉस, चिरंजीव नैना, तिचे आईवडील, पिस्कॅटवेहून फुकट जेवण मिळेल या शुद्ध हेतूने आलेले विद्यार्थी मित्र, आणि मागून बटाटेवड्यांचा वास आल्यापासून माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागलेल्या बंधुभगिनींनो.

निरोप समारंभात बोलायची मला सवय आहे. पाटबंधारे खात्यात उभा जन्म गेला. तिथे धरणं कमी पूर्ण झाली, निरोप समारंभ जास्त झाले. पण तेव्हा मी दुसऱ्यांना निरोप द्यायचो. आज मला आणि माझ्या सहकाऱ्यांना कामावरून काढलंय आणि त्याबद्दल आमचा सत्कार आहे. बरं, आम्हाला पगारही नव्हता. बिनपगारी माणसाला काढून टाकावंसं वाटायला त्याने काय कर्तृत्व गाजवलेलं असावं लागतं, याचा आपण कधी विचार केलाय का?

हॅरिगनसाहेब माझ्याकडे बघून हसताहेत. त्यांना मराठी येत नाही. साहेब, यू आर व्हेरी काइंड.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नैना इथेच जन्मली, इथेच वाढली, आणि तिने गवताची डिग्री घेतली. खरंच, अशी डिग्री असते. तिची आई बरीच वर्षं सगळ्यांना ‘ती रिसर्चमध्ये आहे’ असं सांगायची. असू दे, वहिनी, आता सगळ्यांना कळलंय. तर नैना मेपल रनला साहेब झाली, पण हाताखाली माणसंच नाहीत. पहाटे अंधारात यायचं, गवत कापायचं, वाळूच्या खड्ड्यांवर दाताळं फिरवायचं, आणि खेळणारे यायच्या आत गायब व्हायचं. जाहिराती दिल्या, एक माणूस फिरकेना. एवढ्या पहाटे या देशात उठतं कोण?

आम्ही उठतो. मुलांनी इकडे बोलावून घेतलं, यथावकाश नागरिकही झालो. चहा पिऊन झाला तरी सूनबाई उठायला तीन तास असतात. भांड्यांचा आवाज करायचा नाही, टीव्ही लावायचा नाही. नैनाने मंडळात शब्द टाकला आणि आम्ही स्वयंसेवक म्हणून धावलो. हसू नका, माझ्या आयुष्यातला तो फार चांगला काळ होता. अंगात पिवळं जॅकेट, हातात वॉकीटॉकी, आणि ‘अनिलकाका, पंधराव्या होलचं पाणी बंद करा’ असं सांगणारी साहेब. पुन्हा कुणालातरी आपली गरज आहे असं वाटायचं.

कामात आम्ही कुठे कमी पडलो असं मला वाटत नाही. जास्तच पडलो. बायकांनी वाळूच्या खड्ड्यांत दाताळ्याने अशी काही रांगोळी काढली की चेंडू आत पडला तर लोक तो आणायला जाईनात, फोटो काढून पुढे जायचे. घसरगुंडी होईल म्हणून आम्ही एक उतार सपाट केला. तो उतार मुद्दाम ठेवलेला होता हे नंतर कळलं. नैना दुपारी एकटी येऊन सगळं परत पूर्ववत करायची. आम्हाला कधी बोलली नाही. पोरगी मराठी तोडकंमोडकं बोलते, पण संस्कार पूर्ण आहेत.

तिचं एकच मागणं होतं. चार पगारी, शिकलेली माणसं. तीन वर्षं ती टाउनशिपकडे मागत होती आणि तीन वर्षं हॅरिगनसाहेब एकच उत्तर देत होते, ‘तुझ्याकडे एवढी निष्ठावान माणसं फुकट असताना चार कशाला?’ म्हणजे आम्ही जेवढं मन लावून काम करू, तेवढं तिचं मागणं लांबणार. शेवटी ती म्हणाली, या वर्षी माणसं मिळाली नाहीत तर मी सोडून जाते. शेवटची पाहणी ठरली. साहेब स्वतः येणार होते, आणि नेमका निघाला गणेश चतुर्थीचा आदला दिवस.

आता मुद्द्याकडे येतो. वडे गरम आहेत, मला कल्पना आहे.

जूनमध्ये नैनाने आम्हाला सातव्या ग्रीनवर नेलं. ग्रीन म्हणजे होलच्या, चेंडू जायच्या भोकाच्या, भोवतीचं गालिच्यासारखं बारीक गवत. त्यात दुसरंच एक गवत पसरत होतं. ‘हे वीड आहे काका, उपटून टाका.’ आमच्या सौभाग्यवती शरयूबाई वाकल्या, चष्मा नाकावर सरकवला आणि हळूच मला म्हणाल्या, “अहो, ही दूर्वा आहे.”

आता सांगा, काय करायचं? साहेबाचा हुकूम आहे उपटायचा, आणि देवाची वस्तू कचऱ्यात टाकायची? मी सरकारी माणूस. मी नाही म्हटलं नाही आणि केलंही नाही. विषय विचाराधीन ठेवला. पाण्याच्या पाळ्या माझ्याकडे होत्या, एवढंच सांगतो. ऑगस्टपर्यंत दूर्वा अशी काही माजली म्हणता!

आणि मग आपल्या अध्यक्षांनी मंडळाच्या ग्रुपवर निरोप टाकला. ताई, रागावू नका, शब्द तुमचेच आहेत. ‘दुकानातली दूर्वा पिवळी आहे. मेपल रनच्या सातव्या ग्रीनवर ताजी, मुबलक. उद्या सकाळी यावे. चपला बाहेर काढाव्यात.’

दुसऱ्या दिवशी पार्किंगला जागा नव्हती. सगळं न्यू जर्सी लोटलं होतं. ग्रीनच्या कडेने चपलांची रांग. मध्ये सतरंज्या, त्यावर गोल करून बसलेल्या बायका, एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधताहेत. भोकातला झेंडा मध्ये येतो म्हणून कुणीतरी काढून बाजूला ठेवलेला. भोकात कात्र्या. एका काकांनी आरतीची तालीम सुरू केली. तेवढ्यात लांबून एका गोऱ्या गृहस्थांनी चेंडू मारला आणि तो, काय सांगू, भोकापासून वीतभर अंतरावर येऊन थांबला. त्यांनी दोन्ही हात वर केले. जन्मात एकदा असा फटका बसतो म्हणे. आमच्या शरयूबाईंनी तो चेंडू उचलला, पदराला पुसला आणि पार तिकडपर्यंत चालत जाऊन त्यांच्या हातात दिला. वर म्हणाल्या, “युवर बॉल. प्लीज बी केअरफुल.”

आणि हॅरिगनसाहेबांची गाडी आली.

साहेब उतरले. सगळ्यांनी चपला काढलेल्या पाहून त्यांनीही बूट काढले. हा माणूस मनाने फार चांगला आहे. अनवाणी ग्रीनवर आले. खाली पाहिलं, तर निम्मं ग्रीन उपटलेलं. त्यांनी नैनाला विचारलं, “ही तुझी माणसं?”

ती म्हणू शकली असती, मी यांना ओळखत नाही. मी तिच्या जागी असतो तर म्हटलं असतं. तिने आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “यस सर. धिस इज माय क्रू.”

 कुणीतरी साहेबांच्या हातात मोदक दिला. तो खाऊन ते म्हणाले, “चार पुरतील का तुला?”

म्हणजे तीन वर्षांच्या निष्ठेने जे झालं नाही, ते एका सकाळच्या नासधुशीने झालं. चार जागा मंजूर, आणि अट एकच, स्वयंसेवक तात्काळ बंद. म्हणून हा समारंभ.

आता एक गोष्ट सांगतो, घरीसुद्धा पूर्ण सांगितलेली नाही. त्या चार जागांसाठी मी अर्ज केला होता. शरयूबाई म्हणाल्या, वय काय तुमचं. मी म्हटलं, या देशात वय विचारत नाहीत. नैनाने मला रीतसर मुलाखतीला बोलावलं. समोर बसवलं आणि विचारलं, “काका, ग्रीनवर वीड दिसलं तर?” मी म्हटलं, उपटेन. “आणि ती दूर्वा असेल तर?”

मी खोटं बोलू शकलो नाही. म्हटलं, विषय विचाराधीन ठेवेन.

तिने लॅपटॉप मिटला. डोळे भरले होते तिचे. “काका, आय कान्ट हायर यू.” बरोबर होतं तिचं. मला वाईट वाटलं, आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम. मी उठलो, जॅकेट टेबलावर ठेवलं. म्हटलं, मग उद्यापासून पहाटे मी काय करू, तेवढं सांग.

ती म्हणाली, “खेळायला या ना.”

मी म्हटलं, कुठे?

“इथे. इट्स अ पब्लिक कोर्स, काका. एनीवन कॅन प्ले.”

मंडळी, तीन वर्षं आम्ही ते गवत कापलं. त्याचा एकेक उतार आमच्या तळपायांना पाठ आहे. पण तिथे आपणही खेळू शकतो, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. खेळणारे यायच्या आत निघायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. गाडीत बसल्यावर मला रडू आलं. ते का आलं, याचा मी अजून विचार करतोय.

तर येत्या मंगळवारी, सकाळची पहिली वेळ आमच्या नावाने लागली आहे. शरयूबाईंनी टोपी घेतली आहे.

हॅरिगनसाहेबांचे, मंडळाचे, वडे तळणाऱ्यांचे आभार. नैना, तू आम्हाला आपलं म्हणालीस, ते आम्ही विसरणार नाही. आणि शेवटच्या रांगेत बसलेले ते चार नवे कामगार, मंडळी, त्यांच्यासाठी टाळ्या वाजवा. माझ्या मित्रांनो, गोल्फची काठी कुठल्या बाजूने धरतात हे आम्हाला ठाऊक नाही. चेंडू लागेल तेव्हा लागेल, आधी जमीन निघेल, आणि ते खड्डे बुजवणं आता तुमचं काम आहे. मागच्या चुका नैनाने पोटात घातल्या. मंगळवारच्या चुकांची क्षमा मी आजच मागून ठेवतो.