बाळंतशेपा

सुगंधा : अहो जावईबापू, ही बडीशेप! आणि फोन जरा खाली धरा, नुसती तुमची दाढीच दिसतेय.

धनंजय : आई, ओमानमधल्या या रुस्ताकच्या बाजारातलं हे तिसरं दुकान. ‘बाळंतशेपा’ म्हटलं की सगळे हसतात आणि बडीशेपच पुढे करतात.

सुगंधा : माझीच अक्कल! विमानतळावर बॅग जड भरली, तर तुमच्या फणसपोळ्या ठेवल्या आणि नेमकी बाळंतशेपांची पुडी भावाच्या हातात परत दिली. लेकीच्या बाळंतपणाला आले ती रिकाम्या हातांनी.

यशश्री : आई, रडतेस काय! डॉक्टर म्हणाल्या ना, बाळ छान पितंय.

सुगंधा : पिऊ दे गं. तुझ्या वेळी माझ्या आईने मला हाच काढा दिला होता. मला तो तुला द्यायचाय.

धनंजय : दुकानातली म्हातारी विचारतेय, या नावाचा अर्थ काय?

यशश्री : सांग तिला, शेपा म्हणजे शतपुष्पा. संस्कृतातला जुना शब्द. शंभर फुलांची. शेपूला पिवळी छत्री फुलते ना, ती.

सुगंधा : झालं, एमए मराठी सुरू! शंभर फुलं ऐकून ती गजरा देईल. ‘बाळंत’ सांगा हो. बाळवंत. जिच्या कुशीत बाळ आहे ती. तिने उकळून प्यायचे दाणे.

धनंजय : माझं अरबी बांधकामाच्या साइटवरचं. ‘यल्ला’ म्हणजे चला आणि ‘खलास’ म्हणजे संपलं, त्यांच्या मध्ये बाळंतीण कुठे बसवू?

यशश्री : धनंजय, गरोदर बाईसारखं पोट काढून चालू नकोस! लोक बघतायत!

धनंजय : चालून झालं, आणि कळलं तिला! बरणी काढली बघा. चपटे दाणे, कडा फिकट.

सुगंधा : चुरडा. वास घ्या.

धनंजय : शेपूच्या भाजीचा.

सुगंधा : त्याच! अगं बाई, त्याच!

धनंजय : ती म्हणतेय, तिच्या घरी पहिला पेला बाळंतिणीच्या आईला देतात.

सुगंधा : इश्श! मला कशाला?

(घरी. धनंजयने काढा उकळून गाळला आहे.)

यशश्री : धर. पहिला तुझा.

सुगंधा : वेडी का तू? तुझ्यासाठी एवढा आटापिटा केला.

यशश्री : जिच्या कुशीत बाळ आहे ती, तूच म्हणालीस. सरक जरा, मला तुझ्या कुशीत येऊ दे.

धनंजय : कसा झालाय, आई?

सुगंधा : गूळ विसरलात. असू दे... माझी आईसुद्धा विसरली होती.